गावच्या घरापुढचं जळालेलं लॉन पुन्हा हिरवं करायचं असेल तर

नोकरीसाठी बाहेर गेलेली माणसं चार-सहा वर्षांनी गावचं घर उघडतात तेव्हा घरापुढच्या लॉनचं पार वाटोळं झालेलं असतं. अर्धं गवत वाळून काड झालेलं, उरलेल्यात गाजरगवत आणि तरोटा माजलेला, मधेच भेगाळलेली काळी जमीन. बहुतेकांचा पहिला विचार असतो की सगळं उखडायचं आणि नर्सरीतून तयार गवताचे तुकडे आणून अंथरायचे. एवढी घाई करू नका. पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या विदर्भातल्या उन्हाळ्यात टिकेल असं गवत बहुधा तुमच्याच अंगणात, त्या काडाखाली झोपलेलं असतं. ते म्हणजे आपली हरळी. मृगाचा पाऊस साधला तर तिच्यावरच सगळं लॉन उभं राहतं, आणि खर्चही फारसा येत नाही.

किती लॉन ठेवायचं हे सगळ्यात आधी ठरवा. जुनं लॉन हजार फुटांचं होतं म्हणून आताही तेवढंच हवं असं काही नाही. हरळीला दिवसातून निदान सहा तास ऊन लागतं. कडुलिंबाच्या किंवा आंब्याच्या दाट सावलीत ती विरळ होत जाते, कितीही खत-पाणी घाला. अशा जागी मुरूम किंवा फरशी टाकून बसायची जागा करावी. घराच्या पुढ्यात, उघड्यावर, २०० ते ४०० चौरस फूट लॉन नीट सांभाळता आलं तरी भरपूर झालं. पाण्याचा हिशेब पुढे दिलाय, तो वाचल्यावर हा आकडा का सांगितला ते कळेल.

जीव आहे का, ते तपासा

मे महिन्यात वरून तपकिरी दिसणारी हरळी मेलेली असेलच असं नाही. खुरप्यानं चार-पाच जागी बोट-दीड बोट खोल माती उकरा. जमिनीखाली आडव्या धावणाऱ्या, पेरं असलेल्या मुळकांड्या दिसतील. एखादी हातात घेऊन मोडा. आतून पांढरी, घट्ट आणि किंचित ओलसर असेल, मोडताना कट्कन आवाज आला, तर ती जिवंत आहे. पोकळ, तपकिरी आणि चिमटीत भुगा होणारी असेल तर ती गेली. तरीही शंका राहिली तर एक हात लांब-रुंद तुकडा निवडून आठ-दहा दिवस पाणी द्या. जीव असेल तर पेरांमधून हिरवे कोंब वर येतात.

साधारण निम्म्या जागेत अशी जिवंत हरळी सापडली तर जुनंच लॉन दुरुस्त करा. त्याहून कमी असेल तर जमीन तयार करून नव्यानं लावणी करा. ती कशी करायची तेही पुढे येईल.

पावसाआधीची सफाई

हे काम मेच्या शेवटी ते जूनच्या पहिल्या आठवड्यात उरकायचं. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, चालू असतो, म्हणून सकाळी नऊच्या आत काम आटपायचं.

बंद घराच्या गुडघाभर गवतात हात घालण्याआधी लांब काठीनं गवत झोडपून घ्या. घोणस आणि फुरसं दोन्ही अशाच वाळक्या गवतात, विटांच्या ढिगात पडून असतात आणि चाहूल लागली तरी लगेच सरकत नाहीत. गमबूट आणि जाड हातमोजे घाला, अंधारात काम करू नका, आणि दगड-विटा, कौलं, जुनी लाकडं हातानं न उचलता आधी सब्बलीनं उलटवा. दंश झालाच तर सरळ ग्रामीण रुग्णालय गाठा. सर्पदंशावर प्रतिविष हाच उपाय आहे, बाकी उपचारांत वेळ जातो.

मग उंच गवत विळ्यानं कापा. नंतर मोवर असेल तर मोवरनं, नसेल तर विळ्यानंच, अगदी जमिनीलगत, इंचभर उंचीपर्यंत आणा. वर्षभरात एवढी खोल कापणी फक्त याच वेळी करायची. कापल्यावर लोखंडी दाताळ्यानं जोर लावून ओढा. मुळांवर साचलेला वाळक्या काड्यांचा थर निघतो. तो अर्ध्या इंचाहून जाड असेल तर पाणी खाली पोचत नाही आणि कोंबही वर येत नाहीत. हा कचरा जाळू नका. गाजरगवत बीवर आलेलं असेल तर ते वेगळं काढा, बाकी सगळं खताच्या खड्ड्यात टाका. गाजरगवत उपटताना हातमोजे हवेतच, अनेकांच्या अंगावर त्यानं खाज आणि चट्टे उठतात.

जमीन

इथे सगळ्यात जास्त लक्ष द्या, कारण विदर्भातलं लॉन बिघडतं ते बहुधा जमिनीमुळे.

आपल्याकडची काळी भारी जमीन पाणी धरून ठेवते, ही तिची मोठी जमेची बाजू. पण ती ओली असताना तुडवली तर दबून घट्ट होते आणि वाळली की बोटभर भेगा पडतात. म्हणून या जमिनीत कोणतंही काम वाफशावरच, म्हणजे ओल बेताची असतानाच, करायचं. मूठभर माती दाबून बघा: गोळा झाला आणि बोटानं टोचताच फुटला, तर वाफसा आहे. हाताला चिकटली तर दोन दिवस थांबा.

'काळ्या मातीत रेती मिसळली की ती भुसभुशीत होते' हे गवंड्यापासून माळ्यापर्यंत सगळे सांगतात. घमेलं-दोन घमेली रेतीनं भारी जमीन सुटी होत नाही, उलट चिकणमातीत रेती बसून जमीन आणखी टणक होते. भुसभुशीत करायची तर कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, दुसरं काही नाही. शेणखत पूर्ण कुजलेलं, वास नसलेलं, चाळणीतून काढलेलं घ्या. कच्च्या शेणखतातून तणाचं बी येतं, हुमणीही येते.

पहिल्या चांगल्या पावसानंतर वाफसा आला की सब्बलीनं किंवा बागकामाच्या काट्यानं वीतभर अंतरावर चार-पाच इंच खोल भोकं पाडा. काम कंटाळवाणं आहे, पण दाबलेल्या जमिनीत हवा आणि पाणी जायला दुसरा मार्ग नाही. त्यावर चाळलेलं शेणखत आणि अंगणातलीच बारीक माती निम्मी-निम्मी मिसळून एक सेंटिमीटरचा थर पसरा. १०० चौरस फुटांना साधारण आठ-दहा घमेली लागतात. झाडूनं ओढून भोकांत आणि भेगांत भरा. गवताची टोकं वर दिसली पाहिजेत, पूर्ण झाकू नका.

पाण्याचा उतार याच वेळी बघून घ्या. दहा फुटांना दीड-दोन इंच उतार, घरापासून बाहेरच्या बाजूला. बुलढाणा-अकोल्याकडे वर्षाला ८०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तर गोंदिया-गडचिरोलीकडे १२०० च्या वर. पूर्वेकडच्या लोकांनी उताराची जास्त काळजी घ्यावी, कारण तिथे सततच्या झडीत पाणी साचून गवत पिवळं पडतं.

माती परीक्षण करून घ्या, विशेषतः जिथे विहिरीचं पाणी चवीला खारट आहे तिथे. पाच-सहा जागी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा करून त्याच्या कडेची माती खरवडायची, सगळी एकत्र मिसळून अर्धा किलो नमुना कृषी विज्ञान केंद्रात किंवा जिल्ह्याच्या मृदा चाचणी प्रयोगशाळेत द्यायचा. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतला पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा सगळ्यांना माहीत आहे. तिथल्या जमिनीत सोडियम जास्त, त्यामुळे पाणी मुरत नाही. जिप्सम टाकून फरक पडतो, पण मात्रा अहवालात येईल तेवढीच घ्यावी आणि ती पावसाआधी मातीत मिसळावी, म्हणजे पावसाच्या पाण्याबरोबर क्षार खाली उतरतात. हरळी क्षार बऱ्यापैकी सोसते. म्हणूनही नर्सरीतल्या नाजूक गवतापेक्षा तीच बरी.

रिकाम्या जागा भरणं

नर्सरीत दोन-तीन प्रकारचं गवत दाखवतात. कोरियन गवत दिसायला मखमली असतं, पण हळू पसरतं आणि उन्हाळ्यात पाणी तुटलं की हात टेकतं. गावात, जिथे विजेचा आणि पाण्याचा भरवसा नाही, तिथे त्याच्या नादी लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

हरळीची रोपं विकत घ्यायची गरज नाही. शेजारच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ती हवी तेवढी असते आणि शेतकरी तिला वैतागलेला असतो. मागितली तर 'ने ना भाऊ, पायजे तेवढी ने' हेच उत्तर मिळेल. बारीक पानाची, आखूड पेरांची, जमिनीला चिकटून पसरणारी हरळी निवडा. लांब पेरांची, उभी वाढणारी हरळी लॉनला शोभत नाही. आणलेली मुळं बादलीत धुऊन घ्या. मातीबरोबर लव्हाळा या चिवट तणाची एक गाठ जरी आली तरी पुढची काही वर्षं ती पुरते.

वेळ जूनच्या शेवटापासून जुलै अखेरपर्यंत. कांड्यांचे तीन-चार पेरांचे तुकडे करा. खुरप्यानं चर काढून सहा-सहा इंचांवर लावा, दोन पेरं मातीत आणि एक-दोन वर. पायानं हलकेच दाबा. कांड्या सकाळी काढून त्याच दिवशी लावा, तोवर ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवा. नंतर दोन आठवडे माती ओली राहिली पाहिजे. पावसानं उघडीप दिली तर रोज संध्याकाळी झारीनं पाणी द्या. दीड-दोन महिन्यांत जागा भरून येते.

एक गोष्ट लावतानाच करून टाका. लॉनच्या कडेनं उभ्या विटा सहा इंच खोल गाडा. हरळी फुलझाडांच्या वाफ्यात आणि भाजीच्या आळ्यात शिरली की ती काढता काढता नाकी नऊ येतात. शेतकरी तिला उगाच शिव्या देत नाहीत.

तण, आणि फवारणीबद्दल थोडं गंभीरपणे

पावसाळ्यात केना, दुधी, घोळ, तरोटा, गाजरगवत सगळंच उगवतं. फुलावर यायच्या आत, ओल्या जमिनीतून मुळासकट उपटलं की काम झालं. दर आठवड्याला अर्धा तास दिला तर हे आवाक्यात राहतं. सराटा दिसला की लगेच काढा, नाहीतर मुलांना अनवाणी फिरता येणार नाही.

लव्हाळ्याचं मात्र वेगळं आहे. त्याच्या गाठी जमिनीत एकीला एक जोडलेल्या असतात आणि वरचं पान उपटलं की खालची गाठ पुन्हा फुटते. पान न ओढता बाजूनं खुरपं खोल घालून गाठीसकट काढा आणि पुन्हा फुटेल तेव्हा पुन्हा काढा. पानं चार-पाच व्हायच्या आत काढत राहिलं की गाठीतला साठा संपत जातो.

दुकानात तणनाशक सुचवतील, त्यात टू-फोर-डी हे नाव हमखास येईल. रुंद पानाच्या तणावर ते चालतं, पण कपाशी त्याला फार नाजूक आहे. वाऱ्यानं उडालेल्या थोड्याशा अंशानंही पऱ्हाटीची पानं अरुंद, बोटांसारखी लांब होतात आणि पात्या-फुलं बिघडतात. ज्या पंपानं ते मारलं तो नीट न धुता कपाशीवर वापरला तरी हेच होतं. तुमच्या कुंपणापलीकडे कुणाचं तरी वर्षाचं पीक उभं आहे. ३०० फूट लॉनसाठी ही जोखीम घेऊ नये. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण पाहिलं आहे. ज्या गवतावर नातवंडं लोळणार आणि ज्यातून गणपतीच्या दुर्वा खुडल्या जाणार, तिथे विष मारायचं कारण नाही. खुरपं पुरतं.

कापणी आणि खत

पाऊस स्थिरावला की हरळी झपाट्यानं वाढते. दर सात ते दहा दिवसांनी कापा आणि उंची दीड ते दोन इंच ठेवा. एका वेळी पानाच्या एक-तृतीयांशाहून जास्त कापू नका. चार दिवसांच्या झडीत गवत वाढून बसलं तर दोन टप्प्यांत खाली आणा. पातं धारदार हवं. बोथट पात्यानं पान चिरडतं आणि टोकं पांढरी पडतात. जमीन चिखल असताना मोवर फिरवायचा नाही, वाफशाची वाट बघायची. बारीक कापलेलं गवत तिथेच पडू द्या, त्यातलं नत्र जमिनीला परत मिळतं. गवत जास्त निघालं तर गाईला किंवा शेळीला घाला, फक्त नुकतंच खत टाकलेलं नसावं.

१०० चौरस फुटांना एका वेळी ५० ग्रॅम युरिया खूप झाला. आठ-दहा मुठी कोरड्या मातीत मिसळून, गवत कोरडं असताना सारखा फेका आणि लगेच पाणी द्या किंवा पाऊस यायच्या तोंडावर टाका. एके जागी सांडला तर तिथे जळका डाग पडतो. आपल्या जमिनी बहुतेक चुनखडीयुक्त, विम्लधर्मी (आम्लाच्या उलट गुणाच्या) आहेत, त्यामुळे अमोनियम सल्फेट मिळालं तर ते जास्त चांगलं, १०० फुटांना साधारण ११० ग्रॅम. पहिला हप्ता जुलैत नवे कोंब धरल्यावर, दुसरा पोळ्याच्या सुमारास. दसऱ्याला थोडं शेणखत किंवा गांडूळखत. मग थंडीत काही नाही. शिमग्याच्या आधी अर्धा हप्ता द्यायला हरकत नाही. एप्रिल-मेमध्ये युरिया अजिबात नको, गवताला तेव्हा वाढायला लावणं म्हणजे त्याला जास्त तहान लावणं.

खत-पाणी असूनही नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर लोह कमी पडतंय. चुनखडीच्या जमिनीत संत्र्याच्या बागेतही हेच दिसतं. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लिटरला ५ ग्रॅम घेऊन ऊन उतरल्यावर फवारा. फरशीवर आणि कपड्यांवर त्याचे गंजासारखे डाग पडतात, ते निघत नाहीत.

पाण्याचा हिशेब

एक मिलिमीटर पाणी म्हणजे एका चौरस मीटरला एक लिटर. आठवड्याला २५ मिलिमीटर द्यायचे तर १०० चौरस फुटांना साधारण २३० लिटर, म्हणजे २०० लिटरच्या एका ड्रमहून थोडं जास्त. हजार फुटांना दहाहून जास्त ड्रम, दर आठवड्याला! म्हणून लॉन लहान ठेवा.

ऑक्टोबरच्या उन्हात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये २० ते २५ मिलिमीटर पुरतात. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या आसपास आला की हरळी पिवळसर होऊन थांबते, तिला पंधरवड्यातून एकदा पाणी पुरे. रोज थोडं शिंपडण्यापेक्षा सात-आठ दिवसांनी एकदा खोल भिजवा, पहाटे. भारी जमिनीत पाणी हळू मुरतं, तेव्हा निम्मं देऊन अर्धा तास थांबा, मग उरलेलं द्या. लोखंडी सळई पाच-सहा इंच सहज गेली की पुरेसं झालं. पाण्याची वेळ कधी आली ते गवतच सांगतं: चालून गेल्यावर पावलाचे ठसे तसेच राहिले आणि रंग निळसर-करडा झाला की द्या.

मेमध्ये टंचाई असेल तर लॉन झोपू द्या. दोन-तीन आठवड्यांतून एकदा १०-१२ मिलिमीटर पाणी मुळकांड्या जगवायला पुरतं. कापणी बंद, खत बंद, वर्दळ कमी. वरून सगळं तपकिरी होईल, होऊ द्या. गावात टँकरची वाट बघणारी घरं असताना पिण्याचं पाणी लॉनवर ओतू नये. न्हाणीचं पाणी चालतं. धुण्याच्या पावडरचं पाणी मात्र नको, त्यातल्या सोडियमनं काळी जमीन घट्ट होते. आरओ मशीनचं टाकाऊ पाणी आणि कुलरच्या तळाचं पाणी दोन्ही खारट असतात, तीही टाळा.

हुमणी

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाणी असूनही गवताचे चट्टे वाळू लागले, तर त्या जागचं गवत हातानं ओढून बघा. चटईसारखं उचललं गेलं तर खाली हुमणी आहे. इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली पांढरी, तांबूस डोक्याची अळी मुळं खाते. सापडतील तेवढ्या वेचून मारा, कोंबड्या असतील तर त्यांना सोडा. शेणखतात मिसळून मेटारायझियम ही बुरशी देता येते, कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. खरा बंदोबस्त मात्र पहिल्या वळवाच्या पावसानंतर करायचा. तेव्हा भुंगेरे संध्याकाळी कडुलिंब आणि बाभळीवर जमतात. फांद्या हलवून ते खाली पाडा आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाका. अंडी घालण्याआधीच ते गेले तर पुढचा त्रास बराच वाचतो.

पहिल्या वर्षी दिवाळीपर्यंत तीन-चतुर्थांश जागा भरली तर काम चांगलं झालं असं समजा. उरलेले ठिगळ पुढच्या पावसाळ्यात कांड्या लावून भरता येतात. लव्हाळा दुसऱ्या वर्षीही फुटेल, तेव्हा जूनपासून खुरपं हाताशी ठेवा.